‘एकावर एक मोफत’ : तीन महिन्यांची बिले तपासल्यानंतर

पुण्याच्या पश्चिम उपनगरात आमच्या घराजवळ एक मोठे सुपरमार्केट आहे. त्याच्या दारातून आत शिरताच समोर ‘एकावर एक मोफत’ अशी पाटी लावलेली मांडणी दिसते आणि साखर, तूरडाळ किंवा मीठ घ्यायचे असेल तरी तिला वळसा घालूनच पुढे जावे लागते. चौघांच्या घराचा किराणा आम्ही तिथूनच भरतो. प्रत्येक बिलाच्या तळाशी ‘आज आपण इतके रुपये वाचवले’ असा मजकूर छापलेला असतो. तो आकडा खरा मानावा की नाही, हे ठरवण्यासाठी तीन महिन्यांची बिले जपून ठेवली आणि त्यातील सवलतीची प्रत्येक वस्तू आमच्या नेहमीच्या वाण्याकडील भावाशी ताडून पाहिली.

दुकानाच्या हिशेबाने आमची बचत ३,१४० रुपये झाली होती. माझ्या हिशेबाने ती जेमतेम १,०२० रुपये भरली. या तफावतीचे मुख्य कारण म्हणजे दुकान आपली बचत वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपासून मोजते. ती किंमत म्हणजे विक्रेत्याने ओलांडू नये अशी मर्यादा असते, बाजारात चालणारा भाव नव्हे. महिन्याच्या गिऱ्हाइकाला आमचा वाणी बहुतेक वस्तू त्यापेक्षा कमीतच देतो. त्यामुळे ‘मोफत’ वस्तूची खरी किंमत काढायची असेल, तर तीच वस्तू शेजारी कितीला मिळते हे आधी ठाऊक असावे लागते.

काही सवलती मात्र निखळ फायद्याच्या निघाल्या, हेही नोंदवले पाहिजे. कपडे धुण्याच्या द्रवाचा एक लिटरचा डबा २३० रुपयांचा. त्याच किमतीत दोन मिळाले. वाण्याकडे तो एकेक २०५ रुपयांना मिळतो, म्हणजे ४१० रुपयांचा माल २३० रुपयांत पडला. वस्तू नासणारी नाही, ती एरवीही घ्यावीच लागते आणि दोन डबे आहेत म्हणून कोणी दुप्पट कपडे धूत नाही. टूथपेस्ट आणि आंघोळीच्या साबणाचा अनुभवही असाच होता.

याच्या उलट उदाहरण दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बटर बिस्किटांचे. तीनशे ग्रॅमच्या पुड्याची किंमत १५० रुपये, त्यावर दुसरा पुडा मोफत. म्हणजे ग्रॅमला २५ पैसे पडले. पुढच्याच फळीवर दुसऱ्या कंपनीची जवळपास तशीच बिस्किटे २०० ग्रॅमला ४० रुपयांनी, म्हणजे ग्रॅमला २० पैशांनी होती. स्वतःच्या नावाच्या मालावर कमाल किंमत किती छापायची हे दुकानच ठरवत असल्याने, आधी ती चढी ठेवून मग निम्मी करणे त्याला अवघड नसते. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये २०२१ साली झालेल्या दुरुस्तीमुळे वेष्टनावर आता ग्रॅम, किलो किंवा लिटरमागची किंमतही छापावी लागते. ही सोय उत्तम आहे. मात्र ती किंमत एकाच पुड्याच्या कमाल किमतीवरून काढलेली असते, त्यामुळे सवलतीच्या वेळी तिचे निम्मे करण्याचे काम ग्राहकालाच करावे लागते. अक्षरही इतके बारीक असते, की माझ्या वयाच्या माणसाला चष्मा काढून पुडा नाकाशी धरावा लागतो.

खाण्याच्या वस्तूंत दुसरा तोटा आहे तो मुदतीचा. पनीरची दोन पाकिटे घेतली तेव्हा वापराची अंतिम तारीख तीनच दिवसांवर होती; एक संपले, दुसरे टाकावे लागले. रव्याच्या दुसऱ्या पाकिटाला पावसाळी हवेत जाळी धरली. आमच्या आईच्या घरी उन्हाळ्यात वर्षाच्या धान्याची बेगमी होत असे, पण वर्षाला किती पायली लागतात ते आधी ठरलेले असे आणि त्यानंतरच खरेदी होई. इथे गरज किती हे पाटी ठरवते. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण पनीरच्या बाबतीत ते खरे नाही.

वरच्या मजल्यावर कपड्यांच्या विभागात ‘दोनवर दोन’ अशी सवलत होती. शर्टाची छापील किंमत १,७९९ रुपये, म्हणजे चार शर्ट ३,५९८ रुपयांना. एक शर्ट साधारण ९०० रुपयांना पडला आणि त्या कापडाला तो भाव योग्यच होता. फक्त मला हवा होता एकच शर्ट.

एका खेपेला बिलाच्या खिडकीवरही अडचण आली. भांडी घासण्याच्या द्रवाची एक बाटली लिंबाची आणि दुसरी पुदिन्याची उचलली होती, तर दोन्हींची पूर्ण किंमत लागली. “काका, दोन्हीचा कोड वेगळा आहे, ऑफर लागणार नाही,” असे तिथल्या मुलाने सांगितले. मांडणीवरील पाटीवर अशी कोणतीही अट नव्हती. व्यवस्थापकाने पाटी पाहून बिल दुरुस्त केले खरे, पण दहा मिनिटे गेली. शिवाय बिल न वाचता जाणाऱ्याला ही चूक कळलीच नसती.

‘मोफत’ या शब्दाबद्दल कायदा पुरेसा स्पष्ट आहे. जी वस्तू मोफत असल्याचे भासवले जाते तिची किंमत एकूण व्यवहारात पूर्णतः किंवा अंशतः वसूल होत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने तर ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात, जीएसटीच्या दृष्टीने अशा विक्रीत वेगळी अशी मोफत वस्तू नसतेच, फार तर एका किमतीत दोन वस्तू दिल्या असे म्हणता येईल, असा खुलासा केला आहे. पाटीवर तेच शब्द लिहिले असते, तर माझी तक्रार बरीच कमी झाली असती. पाटीप्रमाणे सवलत न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

दुकान स्वच्छ आहे, माल ताजा नसेल तर बदलून देतात आणि साध्या डाळी-कडधान्यांचे भाव रास्त आहेत, म्हणून तिथे जाणे आम्ही थांबवलेले नाही. समोरच्या मांडणीवरून मात्र आता साबण, टूथपेस्ट आणि धुण्याचे द्रव एवढेच घेतो, तेही घरातले संपत आले असेल तर. सध्या न्हाणीघरात द्रवाचे दोन डबे भरलेले आहेत, त्यामुळे दिवाळीपर्यंत त्या मांडणीशी थांबण्याचे कारण नाही.