आर्ट ब्लॉक्स: न पाहता घेतलेले चित्र

अल्गोरिदमवर आधारलेल्या जनरेटिव्ह कलेचा संग्रह करू पाहणाऱ्याला आर्ट ब्लॉक्स हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. एरिक काल्डेरॉन यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकत्रितपणे ठेवलेल्या सामायिक नोंदवहीवर) सुरू केलेल्या या व्यासपीठाचे वेगळेपण खरेदीच्या रीतीत आहे. कलावंत आपला प्रोग्राम ब्लॉकचेनवर ठेवतो आणि कृतींची कमाल संख्या ठरवून देतो. ग्राहकाने ‘मिंट’ केले, म्हणजे पैसे भरून नवी कृती आपल्या नावे नोंदवली, की एक हॅश, म्हणजे अंक-अक्षरांची लांबलचक मालिका, तयार होतो आणि रंग, रेषा, घनता हे सारे त्यावरून ठरते. नेमके कोणते चित्र निघेल हे तोपर्यंत खुद्द कलावंतालाही ठाऊक नसते. नंतर निवडानिवड करण्याची सोय नसल्यामुळे शेकडो कृतींपैकी एकही फसणार नाही, इतका तो प्रोग्राम कसलेला असावा लागतो.

टायलर हॉब्ज यांच्या ‘फिडेन्झा’ मालिकेतील ९९९ कृती सलग पाहिल्या, की या अटीतून काय साधते ते कळते: वळत जाणाऱ्या त्याच पट्ट्या, पण एकीत गर्दी, तर दुसरीत ऐसपैस मोकळीक. दिमित्री चेर्नियाक यांच्या ‘रिंगर्स’मध्ये खुंट्यांभोवती दोरा गुंडाळण्याची एकच कल्पना हजार कृतींना पुरली आहे. त्यांतली हंसासारखी दिसणारी ८७९ क्रमांकाची कृती २०२३ मध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे ६२ लाख डॉलरना गेली. हंस काढावा असे प्रोग्राममध्ये कुठेही नव्हते. तो निव्वळ योगायोग. बाजाराने योगायोगाला मोल दिले, त्याबद्दल तक्रार नाही, पण मालिकेची खरी पारख तिच्यातल्या सर्वसाधारण कृतीवरच करावी, असे माझे मत आहे.

जपणुकीच्या बाबतीत व्यवस्था भक्कम आहे. तोच कोड आणि तोच हॅश दिला, की तेच चित्र पुन्हा उभे राहते. मात्र ते उभे करायला ब्राउझर लागतोच, आणि ‘सारे काही ब्लॉकचेनवर कायमचे’ असे म्हणणारे विक्रेते हे सोयीस्करपणे विसरतात. शिवाय वॉलेटची, म्हणजे कृती ज्याच्या नावे राहतात त्या डिजिटल खात्याची, गुप्त शब्दमालिका हरवल्यास ती परत मिळवून देणारा कोणताही मदतकक्ष नाही, आणि गर्दीच्या वेळी इथेरियमचे व्यवहारशुल्क बरेच चढते.

नवख्या संग्राहकाने मिंटच्या घाईत न पडता आवडलेली कृती दुय्यम बाजारातून, म्हणजे आधीच्या मालकाकडून, पाहून घ्यावी. कमी शुल्कात सुरुवात करायची असेल, तर टेझोस या दुसऱ्या ब्लॉकचेनवर उभे राहिलेले एफएक्सहॅश हे व्यासपीठ चांगला पर्याय आहे. तिथे कलावंतांना प्रवेश खुला असल्यामुळे चाळणी मात्र आपली आपणच लावावी लागते.