खिडकीतला लोलक: सव्वाचार गुण, आणि पारवा अजून बेपत्ता

हे परीक्षण लिहायला मला चौदा महिने लागले. त्यातले पहिले आठ महिने वस्तू ड्रॉवरमध्येच पडून होती.

वस्तू म्हणजे पैलू पाडलेला काचेचा गोल. व्यास 40 मिलिमीटर, घरच्या काट्यावर वजन 78 ग्रॅम, वरच्या टोकाला दोरा ओवायला बारीकशी कडी. खोक्यावर ‘सनकॅचर’ असं ठळक छापलंय आणि खाली मुंगीच्या अक्षरांत ‘के-नाइन क्रिस्टल’. आम्ही घरात त्याला लोलक म्हणतो. लेकीच्या विज्ञानाच्या बाई म्हणत नाहीत, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. तिला प्रकल्पासाठी लोलक हवा होता, पुस्तकातल्या आकृतीसारखा त्रिकोणी. बायकोने घाईघाईत मागवला तो हा. बाईंनी तो हातात धरून फिरवून पाहिला, म्हणाल्या, “छान आहे, पण हा शोभेचा आहे.” प्रकल्प मैत्रिणीच्या लोलकावर उरकला. आमचा परत पाठवावा म्हटलं तर मुदत उलटून गेलेली. मग काय, ड्रॉवर.

तो बाहेर आला तोही स्वतःच्या गुणांवर नाही. मी काचेला चिकटणारे रबरी हुक आणले होते आणि एक हुक किती वजन पेलतो ते बघायचं होतं. हाताशी बेताच्या वजनाचं काहीतरी हवं होतं, हा सापडला. पूर्वेच्या खिडकीला हुक दाबला, तंगुसाने लोलक टांगला आणि नाइटला निघून गेलो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्या रात्रीचं सांगायचं तर साखरेचं कंट्रोल, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय ना ते तपासायचा ठरलेल्या आकड्याचा नमुना, तीनदा लावलं तरी रीडिंग रेंजच्या बाहेर. शेवटी तपासणीच्या रसायनाची, रिएजंटची, नवीन बाटली उघडली तेव्हा गाडी रुळावर आली. तोवर पहाटेचे चार वाजलेले आणि वॉर्डातून फोनवर फोन. सकाळी घरी आलो ते कुणाशीही बोलायचं नाही असं ठरवूनच. दारात वाकून बूट काढला, तर मोज्यावर इंद्रधनुष्य.

माझे मोजे राखाडी असतात, अंगठ्यापाशी विरलेले. त्यावर बोटभर लांबीचा पट्टा, एका टोकाला तांबडा, दुसऱ्या टोकाला जांभळा. पाय हलवला तर पट्टा जमिनीवर राहिला. परत पाय ठेवला, परत मोज्यावर. असं मी किती वेळा केलं ते सांगत नाही, पण आतून आई म्हणाली, “अरे, दारात काय नाचतोयस?” मान वर केली तर सगळी भिंत ठिपक्यांनी भरलेली. बुटांच्या कपाटावर, कॅलेंडरवर, आईच्या पातळावर, पंख्याच्या पात्याच्या कडेला. मी बूट हातात घेऊनच उभा होतो.

आता यात मला नवीन असं काय होतं? रात्रभर मी हेच करतो. साखरेच्या तपासणीत नमुना गुलाबी होतो आणि आमचं मशीन त्यातून 505 नॅनोमीटरचा हिरवट प्रकाश सोडून किती अडला ते मोजतं. हिमोग्लोबिनला 540. म्हणजे उजेडाची फोड करून त्यातली नेमकी एक चिरफळी उचलायची, हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. पण मशीन ते डब्याच्या आत करतं आणि बाहेर आकडा फेकतं. इतक्या वर्षांत 505 हा रंग मी मोज्यावर कधी पाहिला नव्हता.

असो. वस्तूबद्दल बोलू.

विकत घेणाऱ्याने आधी काच आहे की प्लॅस्टिक ते बघावं. काच गालाला लावली की गार लागते, नखाने टिचकी मारली की टणक वाजते, आणि आकाराच्या मानाने जड असते. ‘क्रिस्टल’ या शब्दावर जाऊ नका. जुन्या झुंबरांच्या काचेत शिसं असायचं, त्याने उजेड जास्त वाकतो आणि रंग जास्त फाकतात. के-नाइन ही बिनशिशाची प्रकाशीय काच, तिचा अपवर्तनांक, म्हणजे काच उजेड किती वाकवते त्याचा आकडा, साधारण 1.516. रंगांचा फाकवा थोडा कमी, पण घरात लहान मूल असेल तर मला हीच बरी वाटते.

टांगल्यावर पुष्कळांची निराशा होते, कारण ते लोलक भिंतीच्या जवळ लावतात. अशा वेळी मधे पांढरा ठिपका आणि फक्त कडांना रंग, एवढंच दिसतं. रंग एकमेकांपासून सुटे व्हायला अंतर लागतं. आमच्या खिडकीपासून समोरची भिंत चार मीटरवर आहे, तिथे पट्टे छान उमलतात. दोन-अडीच मीटर तरी सोडा. काही ठिपके कितीही लांब गेले तरी पांढरेच राहतात. वस्तू खराब निघाली असं समजू नका, ते ठिपके पैलूवरून नुसते परावर्तित झालेले असतात. रंगीत पट्टा काचेच्या पोटातून जाऊन आलेला असतो. आणि ऊन थेट लोलकावर पडायला हवं. सावलीतल्या खिडकीत हा नुसता काचेचा गोळा आहे.

पट्टे सरकतात हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. सूर्य तासाला पंधरा अंश पुढे जातो. चार मीटरवरच्या भिंतीवर त्याचे ढोबळ हिशेबाने तासाला एक मीटर होतात, म्हणजे मिनिटाला पावणेदोन सेंटिमीटर. नुसत्या डोळ्याला हालचाल जेमतेम कळते. कॅलेंडरच्या रविवारावर एक पट्टा होता, मी तोंड धुऊन आलो तोवर तो मंगळवारवर गेला होता. माझ्यासारख्या नाइटवाल्याला याचं काय वाटतं ते दिवसपाळीवाल्यांना कळणार नाही. आमचा दिवस आधीच उलटा, त्यात निदान काहीतरी सरळ पुढे चाललेलं दिसतं.

आईबद्दल सांगायला हवं, कारण सव्वाचारातले दोन गुण तिचे आहेत.

तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणत होते उत्तम झालंय. ही म्हणत होती, “मला तर काही फरक वाटत नाही.” वाचनाचा चश्मा अजून ठरायचा होता, त्यामुळे अक्षरं पुसटच. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं नाही असं तिने जवळजवळ ठरवून टाकलं होतं. एक दिवस मी जागा होतो तेव्हा पाहिलं, ही भिंतीसमोर उभी राहून एक डोळा झाकतेय, मग दुसरा झाकतेय. मला हाक मारली. “हा पट्टा कुठपर्यंत आहे?” मी बोट ठेवलं. तिने उजवा डोळा झाकला आणि माझं बोट चांगलं दोन पेरं अलीकडे ओढलं. “याने इथेच संपतो.” मग डावा झाकला. “आणि याने तू म्हणतोस तिथवर. अरे, इथे जांभळा आहे!”

कारण मला माहीत होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा-जांभळा उजेड अडवतं. नवीन बसवलेलं भिंग स्वच्छ असतं. पण हे हळूहळू होत असल्याने आपलं काय गेलंय ते माणसाला कळत नाही. तिला ते भिंतीवर समोरासमोर दिसलं, शेजारी-शेजारी, स्वतःच्याच दोन डोळ्यांत. त्या दिवशी ती घरभर एकेक डोळा झाकून हिंडली. माझा निळा शर्ट, बाथरूममधली बादली, गॅसची ज्योत. “ही ज्योत एवढी निळी होती?” संध्याकाळी जेवायला बसताना सहज म्हणाली, दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन टाक. आम्ही तीन आठवडे समजावत होतो, लोलकाला पाच मिनिटं लागली.

तेव्हापासून रोज सकाळी हजेरी असते. आई तानापिहिनिपाजा म्हणत पट्ट्यावर बोट फिरवते: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा… आणि अडते. पारवा कुठाय? आमच्या घरात पारवा आजवर कुणालाही सापडलेला नाही. निळ्यातून थेट जांभळा येतो. लेकीने पुस्तक आणून दाखवलं, पारवा आहे. भिंतीवर नाही. यावर तिघींची कडाक्याची भांडणं झाली आहेत. शेवटी मी मधे पडून सांगितलं की हा घोळ न्यूटनचा आहे. त्याने 1672 मध्ये लोलकाचे प्रयोग रॉयल सोसायटीला कळवले. सुरुवातीला त्याने मुख्य रंग पाच धरले होते, नारिंगी आणि पारवा नंतर घातले, संगीतातल्या सात सुरांशी मेळ बसावा म्हणून. आईचं मत पडलं, “मग त्याला दिसला असेल. त्याचे डोळे तरुण होते.” लेकीचं मत, “म्हणजे त्याने चीटिंग केलं.”

लेकीचे प्रयोग वेगळेच. 1800 मध्ये विल्यम हर्शेलने तांबड्याच्या पलीकडे, जिथे काही दिसत नाही तिथे, थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. अवरक्त किरण असे सापडले. हे वाचून तिने आमचा तापाचा थर्मामीटर तांबड्याशेजारी भिंतीला चिकटपट्टीने लावला. डिजिटल आहे तो. त्याने ‘लो’ दाखवून पीं केलं. अर्धा तास ती त्याच्याकडे बघत बसली होती. ही तीच मुलगी, जी प्रकल्पाच्या वेळी दोन ओळी लिहायला तयार नव्हती.

आता तक्रारी.

सोबत आलेला दोरा टाकाऊ आहे, पहिल्याच आठवड्यात त्याचे धागे निघाले असते. मी आधीच तंगूस वापरला म्हणून वाचलो. वरची कडी अंगठ्याने दाबली तरी वाकते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. खोक्यावर धोक्याची सूचना नाही, ती हवी होती. गुळगुळीत काचेचा गोळा उन्हात ठेवला तर भिंगासारखा उजेड एका जागी गोळा करतो आणि पडदे, कागद पेटल्याची उदाहरणं आहेत. पैलूदार गोल उजेड विखुरतो, त्यामुळे धोका पुष्कळ कमी, तरी पडद्याला टेकेल असा टांगू नये. आमचा पडदा मी एका बाजूला बांधून टाकलाय.

धूळ बसली की पट्टे मरगळतात. पंधरा दिवसांतून एकदा जुन्या मऊ सुती कापडाने पुसायचा. बोटांचे ठसे राहिले तर पैलू नुसता पांढुरका दिसतो.

हुक ही वेगळी वस्तू आहे, तिचं परीक्षण इथे करणं बरोबर नाही, पण केल्याशिवाय राहवत नाही. तीनदा पडला. दोनदा लोलक खालच्या गादीवर आला. तिसऱ्यांदा मध्यरात्री फरशीवर. मी कामावर होतो, घरच्यांना वाटलं खिडकी फुटली. एका पैलूचा टवका उडाला. मला वाईट वाटलं ते वाटलंच, पण त्या टवक्यातून आता एक वाकडातिकडा शेपटीसारखा पट्टा पडतो आणि तो बाकी सगळ्यांपेक्षा लांब जातो. सकाळी पावणेनऊला तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचतो. लेक त्याला माकड म्हणते. आता लोलक चौकटीत ठोकलेल्या खिळ्याला आहे.

मला एक शंका होती. दोन-तीन आठवड्यांनी सवय होईल आणि भिंतीवरच्या डागांसारखे हेही दिसेनासे होतील. झालंही तसंच. मी बूट काढून सरळ झोपायला जाऊ लागलो. एका सुट्टीच्या दिवशी तर मेहुणीला मुद्दाम दाखवायला बोलावलं, आठाला सगळे भिंतीकडे तोंड करून बसले आणि नेमकं आभाळ भरून आलं. पाऊण तास आम्ही कोरी भिंत बघितली. ऊन आलं ते ती जिना उतरल्यावर.

पण ऋतू बदलला तशी सूर्य उगवायची जागा सरकली. हिवाळ्यात ऊन तिरपं होऊन खोलीत आतवर यायला लागलं, पट्टे भिंत सोडून भलतीकडे गेले. मला पत्ताच नव्हता. एका सकाळी दमून आलो, औषधाची गोळी घ्यायला कपाट उघडलं, तर आत, बंद असायच्या त्या जागेत, आईच्या चष्म्याच्या घरावर एक पट्टा आडवा झोपलेला. मी कपाट लावलं आणि परत उघडलं. होता. मग बायकोला उठवलं, तिची सुट्टी होती तरी. ती चिडली आणि मग तीही कपाटात डोकं घालून बघत राहिली.

पाऊण गुण कापला तो दोरा, कडी आणि न छापलेली सूचना यांचा मिळून. टवका माझ्या हुकाचा, त्याचा दोष लोलकाला नाही.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या सकाळी मी घरी आलो तेव्हा ती आधीच भिंतीपाशी होती, झाकायला डोळा उरला नव्हता म्हणून दोन्ही हात मागे बांधून. म्हणाली, पारवा सापडला. निळा आणि जांभळा यांच्या मधे, केसाएवढा. मी बघितलं, बायकोने बघितलं, लेकीने नाक भिंतीला लावून बघितलं. आम्हाला कुणालाच दिसला नाही.