तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम: कॅट-६ केबल घेताना माझी झालेली फसवणूक

नागपुरात नेटवर्किंगची कामं करणाऱ्यांनी, म्हणजे इंटरनेटसाठी कॅट-६ सारखी केबल टाकणाऱ्यांनी, हे जरूर वाचा. माझे केबल, मजुरी धरून बत्तीस हजार गेले, आणि एक चांगलं गिऱ्हाईक जवळजवळ तुटलं.

एप्रिलमध्ये हिंगणा रोडवरच्या मुलांच्या एका वसतिगृहाचं वाय-फायचं काम घेतलं होतं. चार मजले, नऊ ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे डबे), सगळे पीओईवर, म्हणजे डेटा आणि वीज दोन्ही त्याच केबलमधून. सीताबर्डीतल्या एका दुकानात कॅट-६ चा ३०५ मीटरचा बॉक्स नेहमीच्या भावापेक्षा चोवीसशे रुपयांनी कमी सांगितला. "स्टॉक क्लिअर करतोय भाऊ, घेऊन टाका." मी तीन घेतले. बिल कच्चं. बॉक्स उचलताना हलका लागला होता, हे आज लख्ख आठवतं.

केबल ओढली, टोकांना कनेक्टर दाबून बसवले. टेस्टरचे आठही दिवे लागले आणि मी काम सोपवलं.

मे महिन्यात फोन सुरू झाले. दिवसा सगळं ठीक, रात्री नऊनंतर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे ॲक्सेस पॉइंट आपोआप बंद होऊन चालू व्हायचे. मी ॲक्सेस पॉइंटचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललं, चॅनल बदलले, नवा पीओई स्विच आणून लावला. फरक शून्य. वॉर्डनकाका म्हणाले, "पोरांच्या परीक्षा आहेत हो, काहीतरी करा." त्या रात्री झोप लागली नाही.

शेवटी चौथ्या मजल्यावर एक कनेक्टर कापला. तारेवर ब्लेड हलकेच घासलं. वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरी, चांदीसारखी तार. बोटाने दोनदा वाकवली, तुटली. म्हणजे सीसीए, ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. उरलेला न वापरलेला बॉक्स फोडून एका जोडीतल्या दोन्ही तारांची टोकं एकीकडे एकत्र पिळली आणि दुसरीकडे मल्टिमीटर लावला: ९६ ओहम. कॅट-६ च्या मानकानुसार १०० मीटरला एका तारेचा रोध ९.३८ ओहमच्या आत हवा, म्हणजे पूर्ण बॉक्सच्या जोडीला साधारण ५७.

मग रात्रीचं कोडं सुटलं. पोरं खोलीवर परतली की ॲक्सेस पॉइंट जास्त करंट ओढतो. ऐंशी-पंचाऐंशी मीटर लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं, आणि तो बंद पडतो. छताखाली उन्हाळ्यात तापलेल्या पाइपात रोध आणखी वाढतो. आठ दिव्यांचा टेस्टर यातलं काहीच दाखवत नाही, तो फक्त तार अखंड आहे एवढंच सांगतो.

दुकानदार म्हणाला, "या भावात कॉपर भेटते काय? वरती लिहिलं आहे ना." खरंच, जॅकेटवर बारीक अक्षरात सीसीए छापलं होतं. बॉक्सवर मात्र फक्त कॅट-६. कच्च्या बिलावर कुठे दाद मागणार? सगळी केबल स्वखर्चाने काढून पुन्हा टाकली.

आता दुकानातच टोक घासून बघतो, आणि पक्क्या बिलावर 'सॉलिड बेअर कॉपर' लिहून घेतो. लिहायला जो टाळाटाळ करतो त्याचा माल घेत नाही.

मागच्या आठवड्यात वर्धा रोडवरच्या एका कामावर तोच बॉक्स दिसला. विशीतला एक मुलगा पाइपातून केबल ओढत होता. त्याला थांबवलं आणि खिशातलं ब्लेड त्याच्या हातात दिलं.