जुन्या शेवरोलेच्या स्प्लिट रिम काढताय? मग वीसची लॉक रिंग की साडेबावीसचं ट्यूबलेस

जुनी रिम ठेवायची की नाही यावर मी वेळ घालवत नाही, काढायचीच. १९५० च्या आसपासचा अमेरिकन ट्रक असेल आणि खाली फायरस्टोनच्या आरएच-फाइव्ह जातीच्या दोन तुकड्यांच्या रिम (स्प्लिट रिम) असतील तर विषय संपला. त्यांचा जोड कडेला नसतो, बरोबर मधे टायरच्या पोटाखाली असतो, मग तिथे गंजाने किती खाल्लंय हे टायर चढलेला असताना दिसणार कसं? आणि गंजलेला जोड हवेच्या दाबाने सुटला तर संपलंच. आणि आपल्याकडे खाडीची हवा, वर चार महिने पाऊस.

आमचा ट्रक शेवरोले. जनरल मोटर्स शिवडीला १९२८ ते १९५४ गाड्या जुळवायची, त्यातल्या शेवटच्या काही वर्षांतला. काकांनी यावर रेतीबंदरावरून रेती वाहिली, आता तो घणसोलीत शेडमधे असतो आणि एखादी रॅली किंवा गणपती सोडले तर फारसा बाहेर निघत नाही. हे आधीच सांगतोय कारण माझा पुढचा सगळा हिशोब उभ्या राहणाऱ्या गाडीचा आहे, रोज भाडं मारणाऱ्याचा वेगळा निघेल.

रस्ते दोन. एक, त्याच २० इंचावर राहायचं आणि आजच्या ट्रकला येते तशी तीन तुकड्यांची रिम घ्यायची, टायर कडेने धरणारी साइड रिंग, तिला अडकवून ठेवणारी लॉक रिंग, आत ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूबखालचा रबरी पट्टा), टायर तोच ८.२५-२०. दुसरा, साडेबावीसची एकसंध रिम आणि वर ट्यूबलेस रेडियल.

तिसरा रस्ता कोणीतरी सुचवतंच म्हणून पटकन सांगतो. आपल्या सहा नटांचा पीसीडी (ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) पावणेनऊ इंच, म्हणजे २२२.२५ मिमी, आणि जपानी घराण्यातल्या छोट्या ट्रकांचाही तोच, त्यामुळे त्यांचं साडेसतराचं चाक लावू म्हणून लोक खूष होतात. पण २३५/७५ आर १७.५ टायरची उंची ८० सेंटीमीटर आणि आपल्या ८.२५-२० ची ९७ च्या आसपास. म्हणजे त्याच वेगाला इंजिन साधारण पाचवा हिस्सा जास्त फिरणार, आणि आपल्या २१६ घनइंची इंजिनच्या ज्या कनेक्टिंग रॉडला तेल शिंतोड्यांनी मिळतं त्याला हे झेपायचं नाही. शिवाय एवढ्या मोठ्या बॉडीखाली ती चाकं बघवत नाहीत.

दोन्ही खऱ्या रस्त्यांवर डिस्कचं, म्हणजे रिमच्या मधल्या हबला बसणाऱ्या पत्र्याचं काम येतंच. आजच्या ट्रक रिमचे होल आपल्या हबवर बसत नाहीत, नवी डिस्क कापून, ड्रिल करून रिममधे वेल्ड करावी लागते. मी वागळे इस्टेटमधे करून घेतलं. नटाची बैठक आपल्या गोल सीटच्या नटाला जुळली पाहिजे, ऑफसेट (डिस्क रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर बसते ते) असा हवा की मागच्या जोडचाकांत दोन टायर एकमेकांना घासणार नाहीत, आणि वेल्डिंगनंतर डायल गेज लावून चाक फिरवून बघायचं, 'नजरेने सरळ आहे' यावर सोडायचं नाही. टायर चढवलेला असताना रिमला वेल्डिंग अजिबात नको, हवा काढलेली असली तरी नको, आतलं रबर तापून गॅस होतो आणि टायर फुटतो. आमच्या गाडीला डाव्या बाजूला उलटे आटे आहेत, नवा पोरगा पान्याला पाइप लावून स्टड तोडतो, म्हणून त्या बाजूला बाण रंगवून ठेवलेत.

आता वीसच्या बाजूने बोलतो, कारण तिच्यात दम आहे. दिसायला एकदम बरोबर. उंच, निमुळता टायर, त्यावर जुन्या वळणाची नक्षी, रॅलीत कोणी मान वाकडी करत नाही. ८.२५-२० अजून चालू माल आहे, कळंबोलीला सहज मिळतो, रिमही मिळते, आणि खर्च कमी. पंक्चर कुठेही निघतं, शिळफाट्याच्या कुठल्याही टपरीवर पहार आणि घण घेऊन पोरं तयार. आणि ही रिम आरएच-फाइव्हपेक्षा कितीतरी बरी, रिंग बाहेरून दिसते, नीट बसली की नाही डोळ्यांनी कळतं. फक्त कुर्ल्याच्या भंगारातून एकीची रिंग आणि दुसरीची रिम असा संसार जुळवू नका, रिंग त्याच मेकची आणि त्याच साइजची पाहिजे.

मग मी का नाही घेतली. पंक्चरमुळे नाही, पंक्चर काय कधीतरीच होतं. हवेमुळे.

उभ्या गाडीची हवा उतरते. ट्यूब जुनी असो नवी असो, पावसाळ्यानंतर शेडचं दार उघडलं की एक तरी चाक बसलेलं दिसणार, आणि मागच्या जोडीतलं आतलं चाक तर बसलंय हे कळतही नाही कारण बाहेरचं त्याला उचलून धरतं. म्हणजे ते तसंच चालतं, अर्ध्या हवेवर, आणि हवा कमी असताना चाक चाललं की रिंग जागेवरून सरकू शकते आणि हवा भरताना उडून अंगावर येऊ शकते, खरी भीती ती. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा जो ओशाचा नियम आहे त्यात अशा जोडतुकड्यांच्या रिमबद्दल स्पष्ट आहे, ठरलेल्या प्रेशरच्या ८० टक्क्यांहून जास्त हवा शिल्लक असेल तरच गाडीवर असताना भरायची, तीही लांबून, नळी व्हॉल्व्हला अडकवून, रिंगच्या समोर कोणी उभं न राहता. ८० टक्के किंवा त्याखाली चालवलं असेल तर व्हॉल्व्ह पिन काढून सगळी हवा सोडायची, मग चाक उतरवायचं, उघडून बघायचं आणि उडालेली रिंग अडवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवून पुन्हा भरायचं. आता ८० पीएसआय धरा, त्याचे ८० टक्के म्हणजे ६४. आमच्या गाडीला ६४ च्या खाली जायला काय लागतं हो, एक श्रावण पुरतो.

म्हणजे ज्या कामाला दोन मिनिटं लागायची, हवा मारणं, त्याला दर वेळी चाक उतरवा, रिंग काढा, ब्रश मारा, पुन्हा बसवा. आणि पिंजरा कुठे? तुर्भ्याला विचारलं, ठाणे-बेलापूर रोडला विचारलं, कोणी साखळी गुंडाळतं, कोणी टायर भिंतीकडे तोंड करून ठेवतं, आणि बहुतेक जण हवा जात असतानाच रिंगवर हातोडी मारून 'बसली ना शेठ' म्हणतात, आणि तेव्हा पोरगा रिंगच्या बरोबर वर ओणवा असतो. त्याला ओरडायचं किती वेळा? तो रोज तेच करतो, त्याला आपणच येडे वाटतो. एका मित्राच्या ट्रकला हीच वीसची रिम आहे, त्याच्याकडे हवा भरताना मी बाजूला उभा राहतो तरी माझं लक्ष त्या रिंगवरून हलत नाही. छंदाच्या गाडीत हे कशाला पाहिजे असं झालं मला.

म्हणून साडेबावीस. हवा उतरली तर कॉम्प्रेसर लावतो, लांब नळी अजूनही वापरतो, कारण ट्यूबलेस म्हणजे निरुपद्रवी असं मी म्हणणार नाही, अर्ध्या हवेवर बराच चाललेला रेडियल भरताना बाजूने फाटू शकतो, तोही उतरवून तपासायचाच. पण रिंग उडून येण्याचा प्रश्न मिटला, कारण रिंगच नाही. आणि ट्यूब-फ्लॅप रिमवर घासून हवा जायची ती कटकट गेली.

खटकतं काय तेही सांगतो. २५५/७० आर २२.५ टायर बसतो, उंची ९३ सेंटीमीटर, म्हणजे गाडी किंचित बुटकी झाली, पण टायर रुंद, त्यामुळे उभ्या गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आणि थोडं देवाच्या नावानेही फिरवावं लागतं. व्हॉल्व्ह ड्रमला घासत नाही ना ते बसवण्याआधी बघा. डिस्क-वेल्डिंग धरून खर्च वीसपेक्षा चांगलाच जास्त येतो. आणि दिसायला, काय सांगू, रॅलीत एकाने विचारलंच, बसची चाकं लावली का? रिम बॉडीच्याच रंगात रंगवली की थोडं लपतं, पूर्ण नाही.

तुमचा ट्रक आठवड्याला दोनदा चालत असेल, हवा तुम्ही स्वतः दर रविवारी बघत असाल आणि ओळखीच्या टायरवाल्याकडे खरंच पिंजरा असेल, तर वीस घ्या, मी अडवणार नाही, मलाही ती जास्त आवडते दिसायला. उभी राहणारी गाडी असेल तर मला वाटतं थोडे पैसे जमवून साडेबावीसकडेच जावं.

आणि काढलेल्या स्प्लिट रिम अख्ख्या भंगारात देऊ नका, कोणीतरी रंग मारून पुन्हा विकतो. टायर पूर्ण उतरवून गॅसकटरने आडव्या कापा आणि मग द्या, भंगारवाला दोन रुपये कमी देईल, देऊ दे.