हायब्रिडसाठी जादा किती मोजायचे? हिशेब लिटरमध्ये करा

ॲव्हरेजचा आकडा खरा असला तरी गाडी घेताना तो फसवतो. १ लाख किलोमीटरचा हिशेब मांडून बघा. लिटरला १० किलोमीटर जाणारी गाडी १० हजार लिटर पेट्रोल पिते, २० जाणारी ५ हजार. वाचले ५ हजार लिटर. आता २० वरून २५ वर या, फक्त १ हजार वाचतात. २५ वरून ३३ ला गेलात तरी जवळपास तेवढेच, आणि ५० वरून थेट १०० वर उडी मारली तरी पुन्हा हजारच. आकडा जितका वर, तितकी पुढच्या प्रत्येक वाढीची किंमत कमी. विक्रेते मात्र नेमक्या त्याच वाढीचे जास्त पैसे मागतात.

म्हणून जादा रक्कम लिटरमध्ये मोजावी. हायब्रिड (इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी) आणि तेवढीच मोठी, त्याच सोयींची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी यांच्या ऑन-रोड किमतींतला फरक काढा आणि त्याला लिटरच्या भावाने भागा. समजा, साधी गाडी १५ देते आणि हायब्रिड २४. १ लाख किलोमीटरला एक ६,६६७ लिटर पिते, दुसरी ४,१६७. फरक २,५०० लिटरचा. वर्षाला १५ हजार किलोमीटर आणि ६ वर्षे गाडी ठेवायची, तर रनिंग ९० हजार आणि बचत २,२५० लिटर. जादा किंमत याच्या आत असेल तर सौदा पक्का करा. त्याच्या पुढे गेली, तर पेट्रोलच्या बचतीतून ती निघणार नाही. मग शांत इंजिन आणि गचके न देणारा गिअरबॉक्स यांसाठी पैसे देतोय, असे सरळ म्हणावे. तेही काही वाईट कारण नाही. मॅन्युअल गाडीशी तुलना मात्र करू नका, त्यात ऑटोमॅटिकचे पैसे हायब्रिडच्या नावावर चढतात.

टोयोटाची हायब्रिड गाडी प्रियस, तिच्या पाचव्या पिढीला हा हिशेब लावला की एक गंमत दिसते. अमेरिकेतल्या सरकारी मोजमापात २०२३ चे फ्रंट-व्हील ड्राइव्ह बेस मॉडेल शहर आणि महामार्ग मिळून लिटरला सुमारे २४.२ किलोमीटर देते. त्याला १७ इंची चाके आहेत. वरच्या दोन मॉडेलांना १९ इंची चाके आणि जास्त साहित्य मिळते, आणि आकडा २२.१ वर येतो. १ लाख किलोमीटरला जवळपास ४०० लिटर जास्त. म्हणजे आधी गाडीला जादा पैसे, मग पंपावर जादा पैसे, आणि १९ इंची टायर बदलताना पुन्हा. ॲव्हरेजसाठीच प्रियस घेणाऱ्याने बेस मॉडेल सोडून वर बघू नये.

नुसत्या ॲव्हरेजला लोक किती भाव देतात, हे जुन्या गाड्यांनी दाखवून दिले आहे. १९९९ ची पहिली होंडा इनसाइट आजच्या मोजमापाने साडेबावीसच्या आसपास देत होती, पण आसने दोनच. २००६ पर्यंत जगभरात सुमारे १७ हजार विकल्या गेल्या. फोक्सवॅगनची एक्सएल१ तर १०० किलोमीटरला ०.९ लिटर डिझेलचा दावा घेऊन आली. तीही दोन आसनांची, वजन ८०० किलोच्या आत, किंमत १ लाख युरोच्या वर. अडीचशेच बनवायच्या ठरल्या होत्या. मागची सीट आणि डिकी शाबूत ठेवून मिळणाऱ्या बचतीलाच गिऱ्हाईक आहे.

गाडीवर ‘हायब्रिड’ लिहिले म्हणून खूश होऊ नका. माइल्ड हायब्रिडमध्ये पट्ट्यावर चालणारी छोटी मोटर इंजिनला हातभार लावते; सहसा ती एकटी गाडी ओढत नाही. तिच्यासाठी काही शे लिटरच्या वर मोजू नये.

फुल हायब्रिडची, म्हणजे जिची मोटर एकटीही गाडी ओढू शकते तिची, खरी कमाई सिग्नल, उतार आणि रांगेतल्या रहदारीत होते: इंजिन बंद राहते आणि ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत जाते. सलग १०० च्या वर वेगाने महामार्ग कापणाऱ्याला ती कमाई बरीच कमी. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांतही आकडा पडतो, कारण बॅटरी भरलेली असली तरी धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला इंजिन चालवावेच लागते. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, पुन्हा त्याच पंपावर फुल. असे चार-पाच टाक्यांचे सरासरी धरा.

देखभालीचा हिशेब बराचसा मालकाच्या बाजूचा आहे. प्रियसमध्ये क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. तिसऱ्या पिढीपासून इंजिनावर बाहेरचा पट्टाही नाही. ब्रेक पॅड फार टिकतात. पण ब्रेक कमी वापरले जातात म्हणून कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकतात, तेव्हा त्या वर्षातून एकदा काढून, साफ करून ग्रीस लावावे. बॅटरीला हवा देणारी जाळी मागच्या सीटपाशी असते. ती धुळीने, केसांनी चोंदली की पंखा ओरडतो, बॅटरी तापते आणि आयुष्य घटते. मोठ्या बॅटरीची धास्ती सगळ्यांना असते. २०२० च्या मॉडेलपासून टोयोटा अमेरिकेत तिला १० वर्षे किंवा दीड लाख मैल वॉरंटी देते. अडचण करते ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी, गाडी काही आठवडे उभी राहिली की.

सेकंड हँड घेणाऱ्याने तिसऱ्या पिढीत, म्हणजे २००९ ते २०१५ च्या गाड्यांत, जास्त सावध राहावे. त्यात ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा भाग) काजळीने भरतो आणि पुढे हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचे सील) जाते. कूलर काढून साफ केल्याची पावती मागा. गाडी रात्रभर उभी असू द्या आणि पहिला स्टार्ट आपल्यासमोर करायला सांगा. सुरू होताच इंजिन खडखडले, किंवा बाहेर गळती नसताना कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी खाली असली, तर सोडून द्या. स्कॅनर लावून चढावर मोठ्या बॅटरीच्या १४ ब्लॉकचे (भागांचे) व्होल्टेज बघा. एखादा ब्लॉक जोर पडताच बाकीच्यांपेक्षा खाली घसरत असेल, तर नव्या बॅटरीचा आणि मजुरीचा खर्च लिटरमध्ये काढून मागितलेल्या किमतीतून वजा करा. विकणारा त्याला तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.