इंग्लंडची गाडी, मुंबईचे बंदर आणि सोलापूरचा आरटीओ एजंट

इंग्लंडमधील रुग्णालयातील नोकरी संपवून माझी पुतणी सोलापुरात कायमची राहायला आली, तेव्हा तिथे वापरलेली आपली लहान पेट्रोल मोटार बरोबर आणण्याचा तिचा निश्चय होता. बंदरावरचे काम मुंबईतील एका क्लिअरिंग एजन्सीकडे (सीमाशुल्काचे सोपस्कार करून माल सोडवून देणाऱ्या संस्थेकडे) आणि नोंदणीचे काम विजापूर रस्त्यावर बसणाऱ्या एका आरटीओ एजंटाकडे सोपवले गेले. लेखापरीक्षणात आयुष्य गेल्यामुळे कागदांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी ओघानेच माझ्याकडे आली. एजन्सीविषयी तक्रार नोंदवायची असल्याने तिचे नाव देत नाही, आणि तिचे देत नाही म्हणून एजंटाचेही नाही.

एजन्सीचे सर्वांत चांगले काम गाडी जहाजावर चढण्यापूर्वीचे होते. जुनी गाडी आयात करायची तर ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. एजन्सीच्या बाईंनी पहिल्याच दूरध्वनीत नोंदणीची तारीख बाजूला ठेवून उत्पादनाचा महिना विचारला, कारण विक्रेत्याच्या आवारात काही महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत या दोन तारखांत चांगलेच अंतर पडू शकते. स्टिअरिंग उजवीकडे असावे, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असावा आणि वेग किलोमीटरमध्ये दिसावा, अशाही अटी आहेत. इंग्लंडच्या गाडीला पहिल्या दोन अटींचा त्रास नसतो, पण तिथला काटा मैल दाखवतो. बाईंनी इंजिन चालू ठेवून, पडद्यावरचे एकक किलोमीटरवर बदलून काढलेला फोटो मागवला आणि पहिला फोटो धूसर आला म्हणून दुसरा मागवला. निर्यातपूर्व तपासणीचे प्रमाणपत्र आणि इंग्लंडच्या लॉगबुकातील, म्हणजे तिथल्या नोंदणीपत्रातील, कायमच्या निर्यातीचा भाग भरून तिथल्या वाहन नोंदणी खात्याला कळवणे, या दोन्ही गोष्टींची आठवणही त्यांनीच वेळेवर करून दिली. (आखाती देशांत नोकरीला असलेले आमचे दोन परिचित हे ऐकून आपल्याही गाड्या आणण्याच्या विचारात होते. तिथल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते, तेव्हा तो विषय चहा संपण्यापूर्वीच संपला.)

खर्चाच्या अंदाजातही एजन्सीने काही झाकून ठेवले नाही. परदेशात दोन वर्षे राहून परतणाऱ्याला घरसामानावर जी सवलत मिळते ती मोटारीलाही मिळते, असा समज आमच्याकडे सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. प्रवासी सामानाच्या नियमांतून मोटार वगळलेली आहे. जुन्या मोटारीवरचे शुल्क २०२५च्या अर्थसंकल्पात ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार असे नव्याने मांडले गेले, पण बेरीज पूर्वीइतकीच, म्हणजे १३७.५ टक्के राहिली, आणि त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा. हे टक्के कोणत्या रकमेवर लागतात, हा त्याहून नाजूक मुद्दा आहे. तुम्ही जुनी गाडी किती पौंडांना घेतली याला फारसे महत्त्व नसते. ती नवी असतानाची किंमत धरून पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ३ टक्के असा घसारा वजा केला जातो, म्हणजे पूर्ण दोन वर्षे वापरलेल्या गाडीचे मूल्य नव्या किमतीच्या ७२ टक्के धरले जाते, आणि त्यात जहाजभाडे व विमा मिळवला जातो. हा हिशेब एजन्सीने एका पानावर मांडून दिला. तो पाहून मी पुतणीला गाडी तिकडेच विकून टाकण्याचा सल्ला दिला. तिने तो ऐकला नाही, आणि पैसे तिचे असल्याने विषय तिथेच थांबला. माझे मत मात्र बदललेले नाही: इथे सहज मिळणाऱ्या जातीची गाडी केवळ जिव्हाळ्यापोटी आणणे हा व्यवहार नव्हे.

जुन्या गाडीला मुंबई बंदराखेरीज दुसरा दरवाजा नाही. तिथे उतरल्यावर, माल सुटण्यापूर्वी, पुण्यातील एआरएआय किंवा अहिल्यानगरातील व्हीआरडीई यांसारख्या अधिकृत संस्थेकडून गाडीची चाचणी करून घ्यावी लागते. हा टप्पा एजन्सीने सफाईने पार पाडला. त्या काळातले गोदामभाडे तिने आधीच अंदाजपत्रकात धरले होते, त्यामुळे शेवटच्या बिलात धक्का बसला नाही. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही म्हणून ती ट्रकवर चढवून सोलापूरला आणली.

तक्रार यानंतरची आहे. विजापूर रस्त्यावरच्या एजंटाने फाईल हातात घेतल्यावर अर्ज भरायला सुरुवात केली नाही. त्याने आधी गाडीचे बॉनेट उघडून चेसिस क्रमांकावर कागद ठेवला, पेन्सिल घासून ठसा घेतला आणि तो बिल ऑफ एन्ट्रीशेजारी, म्हणजे एजन्सीने सीमाशुल्क खात्याकडे दाखल केलेल्या आयातीच्या कागदाशेजारी, ठेवून एकेक अक्षर बोटाने जुळवू लागला. अकराव्या जागेवर त्याचे बोट थांबले. “मालक, हितं शून्य पायजे, कागदावर इंग्रजी ओ हाय,” तो म्हणाला. चेसिसच्या सतरा अक्षरांच्या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे शून्य-एकाशी घोळ होऊ नये म्हणून मुळातच वापरत नाहीत, ही माहितीही त्यानेच दिली. विम्याची पॉलिसी बिल ऑफ एन्ट्रीवरून काढलेली असल्याने तिच्यातही तोच ओ उतरला होता. असा अर्ज तपासणीत अडकलाच असता, आणि त्यात निरीक्षकाला दोष देता आला नसता.

सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली अशी दुरुस्ती करून मिळते. ती करून देण्यासाठी एजन्सीने आधी “माल सुटला, आमचे काम संपले” असे उत्तर दिले आणि नंतर वेगळे शुल्क मागितले. चूक तिच्याच कार्यालयात टंकलेखनात झाली होती. इंग्लंडच्या लॉगबुकावर शून्य स्पष्ट छापलेला होता, आणि त्याची प्रत आम्ही एजन्सीला पहिल्याच आठवड्यात पाठवली होती. बराच पत्रव्यवहार झाल्यावर शुल्काची मागणी मागे घेण्यात आली, पण चूक मान्य केल्याची एक ओळ काही मिळाली नाही. जहाजापूर्वी इतकी काटेकोर असणारी संस्था पैसे जमा झाल्यावर इतकी सैल व्हावी, हे मला खटकले.

सोलापूरच्या एजंटाविषयी मात्र चांगलेच लिहावे लागेल. आयात मोटारीच्या नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे, देशी मोटारीला ते ६०० असते. पण खरा भार महाराष्ट्राच्या एकरकमी कराचा असतो. आयात गाडीला त्याचा दर २० टक्के आहे, आणि ज्या किमतीवर तो लागतो तिच्यात भरलेले सीमाशुल्कही धरले जाते, म्हणजे करावर कर. एजंटाने हा आकडा आम्हाला आधीच सांगून ठेवला होता. सरकारी भरणा त्याने पुतणीच्या खात्यातूनच ऑनलाइन करायला लावला आणि स्वतःच्या मेहनतान्याची पावती वेगळी दिली. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी चेसिस, इंजिन आणि चाचणीचा अहवाल स्वतः ताडून पाहिला. कागद जुळत असल्याने विचारायला काही उरलेच नाही.

एजन्सीकडे पुन्हा जावे का, असे कोणी विचारले तर मी जा म्हणेन, पण दोन अटींवर. नोंदणी पूर्ण होईपर्यंत कागदांतील चुका विनाशुल्क दुरुस्त करून देण्याचे कलम करारात लिहून घ्यावे, आणि शेवटचा हप्ता तोवर हातात ठेवावा. शिवाय बिल ऑफ एन्ट्री दाखल होण्यापूर्वी तिचा मसुदा मागवून चेसिस क्रमांक घरातल्या दोघांनी, एकाने वाचत आणि दुसऱ्याने लॉगबुकावर पाहत, जुळवून घ्यावा. एजंटाचा पत्ता हवा असेल त्याने आरटीओसमोरच्या टपऱ्यांवर पेन्सिलचा ठसा आधी घेणारा माणूस कोण, एवढेच विचारावे.