पाचगणीच्या थंडीत फरशी गरम ठेवायची, तर थर्मोस्टॅट हवेचा की जमिनीचा?

मामाच्या पाचगणीच्या घरात बाथरूमच्या टाइलखाली हीटिंग मॅट (विजेवर तापणाऱ्या वायरची जाळी) टाकायची ठरली आणि थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान बघून ती चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, गाडी अडली. हवेचं तापमान बघणारा घेतला तर वायरिंग सोपं, पण पाणी उडू नये म्हणून थर्मोस्टॅट बाथरूमच्या बाहेर लावतात ना, मग तो मोजणार पॅसेजची हवा आणि पायाखाली फरशी गार ती गारच. मी तरी फ्लोअर सेन्सरवालाच, म्हणजे फरशीचं तापमान मोजणारा, घ्या म्हणेन.

फक्त सेन्सर सिमेंटमध्ये थेट गाडू नका, नळीतून सोडा, हीटिंग वायरच्या दोन वळणांच्या बरोब्बर मधे, नळीचं टोक टेपने बंद करून, म्हणजे उद्या सेन्सर गेला तर ओढून दुसरा टाकता येतो, नाहीतर टाइल फोडत बसा. टाइल लावायच्या आधी मल्टीमीटर लावून बघाच, 10 किलोओमवाला सेन्सर 25 डिग्रीला साधारण तेवढाच रेझिस्टन्स दाखवतो.

हॉलमधे हवेचा चालतो, पण वर लाकडी फ्लोअरिंग असेल तर दोन्ही सेन्सर असलेला घ्या, लाकडाला 27 डिग्रीची लिमिट लावतात.

बाकी थर्मोस्टॅट 16 अँपिअरचा असेल तर 3600 वॅटच्या वर कॉन्टॅक्टर (मोठा लोड चालू-बंद करणारा वेगळा स्विच) लागतो, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) बाथरूम आणि हॉल दोन्हीकडे पाहिजेच पाहिजे.